जुना कॉम्प्युटर मोडीत घालण्याआधी प्रिंटर आणि फाँट तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेणाऱ्याला ‘हे आता चालणार नाही, नवीन घ्या’ असे हमखास ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. कॉम्प्युटर चालू राहतो. फक्त सुरक्षेची ठिगळे यायची थांबतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदतही ठेवली आहे. पण ही मुदत म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ. त्या वेळात करण्यासारखा एक पर्याय म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी बसणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. त्याबद्दल आपल्याकडे उत्साह आणि भीती दोन्ही भरपूर आहेत, नेमकी माहिती मात्र थोडी. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहोत.

विंडोज ११ आपल्या कॉम्प्युटरवर रीतसर चढेल का, हे आधी पाहावे. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे. प्रोसेसरच्या नावात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा बघा. आय ५-७२०० यू म्हणजे सातवी पिढी, आय ५-८२५० यू म्हणजे आठवी. रेघेनंतर पाच आकडी संख्या असेल, किंवा चार आकडी संख्या १ ने सुरू होत असेल, तर पहिले दोन आकडे धरायचे. एएमडी असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात. ‘रुफस’ हा पेन ड्राइव्ह तयार करणारा प्रोग्रॅम वापरून या अटी चुकवणारी विंडोज ११ घालून देणारेही आहेत. पण तशा कॉम्प्युटरला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे चोरीची विंडोज आणि तिला ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी फाईल. ती फाईल चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळे आले.

तिसऱ्या ते सातव्या पिढीपर्यंतचा, धडधाकट असा बराच माल आपल्या भागात घराघरांत पडून आहे. लिनक्सचा विचार त्याच्यासाठीच करावा. पण सगळ्यांनी नव्हे.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स चालत असेल तर तिथे हात लावू नये. टॅलीवर हिशेब ठेवणारा व्यापारी, विंडोजवरचे खास सॉफ्टवेअर वापरणारी पतसंस्था, अंगठ्याचे यंत्र लावून काम करणारी ग्राम वन किंवा सीएससी ही सरकारी सेवांची केंद्रे यांचीही तीच गोष्ट. बायोमेट्रिक यंत्रांचे प्रोग्रॅम मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच तयार होतात. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या कर सल्लागारांनी आपले टोकन आणि आपली नेहमीची पोर्टल्स आधी तपासावीत, मगच ठरवावे. जीएसटीत एकट्या मालकीच्या व्यवसायाला मोबाईलवरच्या ओटीपीने सही करता येते, त्यांना ती अडचण नाही. कंपनी आणि एलएलपीला टोकन चुकत नाही. लग्नपत्रिका आणि हँडबिले करणारी डीटीपी दुकाने पेजमेकर आणि कोरलड्रॉवर उभी आहेत. त्यांना इंकस्केप आणि स्क्रायबस हे त्याच कामाचे लिनक्सवरचे प्रोग्रॅम दाखवावेत, पण हातातले काम सोडून उद्याच बदला असे सांगू नये. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाईन’मध्ये या गोष्टी ‘चालवून दाखवणारे’ भेटतात. दाखवण्यापुरत्या त्या चालतातही. मार्चअखेरीला त्याच्यावर विसंबू नये.

उरले कोण? ब्राउझर, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ऑनलाइन वर्ग, पत्रलेखन, शेताच्या उताऱ्याची किंवा भूमी पोर्टलवरच्या पहाणीची प्रिंट, विजेचे बिल, मुलांचे प्रोजेक्ट एवढेच काम असलेली घरे, वाचनालये, मंडळे, छोट्या शाळा. यांची संख्या मोठी आहे आणि यांच्या कामातले जवळजवळ सगळे ब्राउझरमध्येच होते.

लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांपैकी घरगुती वापरासाठी आमची शिफारस लिनक्स मिंटची. मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्यावी, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. कागदावर मिंटला २ जीबी रॅम पुरते. पण ब्राउझरला पुरत नाही आणि ब्राउझरशिवाय आज कॉम्प्युटर कोण वापरतो? कॉलेजची मुले हौसेने काली लिनक्स घालायला सांगतात. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचे हत्यार आहे, आईला बँकेचे पासबुक बघायला द्यायची वस्तू नव्हे. ३२ बिटचा अगदी जुना कॉम्प्युटर असेल तर मात्र नाद सोडावा. डेबियन या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले आहे.

पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) करावेत. फिरत्या हार्ड डिस्कवर कुठलीही सिस्टीम घातली तरी ती रखडणारच, आणि दोष लिनक्सला जातो. २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, घरगुती वापराला पुष्कळ होते. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवता येते आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-गाण्यांसाठी आत ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, म्हणून ड्राइव्ह मोजून मगच मागवावी. रॅम घेतानाही असेच. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर ३ एल लागते, साधी १.५ व्होल्टची डीडीआर ३ त्याच खाचेत बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही आणि मग मदरबोर्ड गेला असे निदान होते. बंद ठेवलेल्या डेस्कटॉपचा आणखी एक हमखास आजार म्हणजे मदरबोर्डवरचा संपलेला सीआर २०३२ सेल. तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. नाण्याएवढा सेल बदलला की काम झाले.

आता प्रिंटर. आमच्या मते लिनक्स टिकणार की महिन्यात काढून टाकले जाणार, हे निम्म्या वेळा प्रिंटरवर ठरते. आपल्याकडे कॅनन एलबीपी २९००बी दुकानादुकानांत आहे. यंत्र म्हणून उत्तम, पण ते कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीने बोलते. लिनक्ससाठी कंपनीने दिलेला ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) जुना आहे आणि मध्येच अडकतो. स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हर एखाद्या कॉम्प्युटरवर नीट चालतो, दुसऱ्यावर नाही. रोज शंभर झेरॉक्स-प्रिंटचे काम असेल तर त्या प्रिंटरसाठी एक विंडोज कॉम्प्युटर तसाच ठेवावा. एचपी लेझरजेट १०२० चे दुखणे वेगळे. त्याच्या पोटात स्वतःचे फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम) राहत नाही, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते भरवावे लागते. त्यासाठी एचपीलिप या पॅकेजबरोबर कंपनीचे एक वेगळे प्लगइन इंटरनेटवरून उतरवावे लागते. ते उतरवले नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, ‘तयार’ म्हणतो आणि कागद काही बाहेर येत नाही. सिस्टीमच्या मोठ्या अपडेटनंतर एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइन पुन्हा घ्यावे लागते, एवढे लक्षात ठेवले की हा प्रिंटर वर्षानुवर्षे चालतो. एप्सनच्या टाकीवाल्या एल मालिकेतले बहुतेक प्रिंटर मिंट आपणहून ओळखते. ब्रदरचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर मिंटवर बसवता येणाऱ्या ‘डेब’ फाईलच्या स्वरूपात मिळतात. नवीन घ्यायचाच असेल तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिले आहे का ते पाहा. ते असेल तर लिनक्सवर बहुधा ड्रायव्हरच लागत नाही, आणि ऑल-इन-वन असेल तर स्कॅनरही त्याच वाटेने चालण्याची शक्यता मोठी.

दुसरे निम्मे फाँटवर ठरते. सीमाभागात तर जास्तच, कारण आपल्याला एकाच टेबलावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लागतात.

वीसेक वर्षांत मंडळांचे अहवाल, शाळांचे दाखले, इतिवृत्ते ही श्री-लिपी, आयएसएम किंवा कन्नडसाठीच्या नुडीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिली गेली. त्या फाईलमध्ये प्रत्यक्षात मराठी किंवा कन्नड अक्षरे नसतात. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर आपल्या अक्षरांची चित्रे चिकटवलेली असतात. फाँट नसेल तिथे ती फाईल उघडली की अगम्य रोमन कचरा दिसतो. लिनक्समध्ये त्या फाँटची टीटीएफ फाईल बसवली तर वाचता येते, छापताही येते. पण टाईप करणारे इंजिन विंडोजवरच राहते, त्यामुळे दुरुस्ती करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: विंडोज जागेवर असतानाच अशा सगळ्या फाईल युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) रूपांतरित करून घ्या. कन्नड गणक परिषदेच्या नुडीच्या पुढच्या आवृत्त्यांत ही सोय आहे. मराठीच्या फाँटसाठीही रूपांतरक मिळतात, मात्र प्रत्येक फाँट-कुळाचा रूपांतरक वेगळा असतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. वेलांटी एक घर पुढे सरकणे ही नेहमीची चूक. शिवाय प्रत्येक जुन्या फाईलची एक पीडीएफ करून ठेवा, म्हणजे मूळ काय होते याचा वाद राहत नाही.

युनिकोडमधल्या फाईलीही बदलतात, पण थोड्याच. वर्डमध्ये मंगल किंवा निर्मला यूआय वापरले असेल तर ते फाँट मायक्रोसॉफ्टचे असल्याने मिंटमध्ये नसतात. मिंटमधले वर्डच्या जागचे लिब्रेऑफिस दुसरा फाँट घालते, ओळी वेगळ्या तुटतात आणि दोन पानांचा अर्ज अडीच पानांचा होतो. अर्जच पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवावा. स्वतःच्या कामासाठी मुक्त परवान्याचे ‘नोटो’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) यांसारखे फाँट घ्यावेत; ते विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे बसवता येतात, त्यामुळे दोन्हीकडे पान सारखे दिसते. आणखी एक बारकावा. नव्या कॉम्प्युटरवर मराठी मजकूर हिंदी वळणाचा दिसतो अशी तक्रार येते: ल पाकळीचा नाही, श देठाचा नाही. कारण युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे आणि कोणते रूप दाखवायचे हे फाँट ठरवतो. अनेक चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय मराठी रूप येत नाही. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे मराठी निवडा. पाकळी आणि देठ जागेवर येतात.

टंकलेखनाची व्यवस्था आम्हाला लिनक्सची सर्वांत जमेची बाजू वाटते. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट’खाली अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून मराठी आणि कन्नड जोडायचे, एक्सएफसीईत त्याआधी ‘सिस्टीमचे डिफॉल्ट वापरा’ यावरची खूण काढावी लागते. एका वेळी चारच लेआउट बसतात. इंग्रजी, मराठी, कन्नड, हिंदी: आपल्या भागाला बरोबर पुरतात. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्टसारखी जोडी पर्यायांमधून ठरवून घ्यावी. दोन मार्ग आहेत. इनस्क्रिप्ट ही भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मधली रचना. तिच्यात इंग्रजी के च्या कळीवर मराठीत क आणि कन्नडमध्येही कच येतो, एच वर दोन्हीकडे प. बोटांना एकदा वळण लागले की दोन्ही लिप्या हातात येतात. मराठी माध्यमातून शिकून कन्नडमध्ये अर्ज भराव्या लागणाऱ्या मुलांना याहून उपयोगी काय असेल? ज्यांनी नुडीवर कन्नड टाईप केले आहे त्यांनी यादीतला ‘कगप फोनेटिक’ लेआउट घ्यावा. तो कन्नडप्रमाणे मराठीसाठीही आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’मधला र्‍य कसा काढायचा हे बरेच जण विचारतात. शिफ्ट धरून जे दाबा, ऱ येतो. मग डी ने पाय मोडा आणि य लिहा. मोबाईलसारखे रोमनमधून मराठी लिहायची सवय असेल तर ‘इनपुट मेथड’मधून आयबस किंवा फसिटिक्स आणि एम१७एन हे पॅकेज बसवावे लागते.

आणि घरात तिघे तीन भाषांचे असतील तर? मिंटमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे खाते वेगळे करून एकाला मराठी, दुसऱ्याला कन्नड, तिसऱ्याला इंग्रजी मेनू देता येतो. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपवर येणाऱ्या ‘होम सिंगल लँग्वेज’ विंडोजमध्ये हे जमत नाही. मिंटची मराठी आणि कन्नड भाषांतरे अपुरी आहेत, मध्येच इंग्रजी डोकावते, हे मात्र आधीच सांगून ठेवावे.

बसवण्याची रीत आता थोडक्यात. मिंटची आयएसओ (बसवण्याची) फाईल साधारण ३ जीबीची असते. एकाने उतरवून दहा जणांना दिली तरी ते पूर्ण कायदेशीर आहे, त्यामुळे मोबाईलचा डेटा जाळायची गरज नाही. मात्र उतरलेली फाईल अर्धवट नाही ना, हे साइटवर दिलेल्या एसएचए-२५६ या पडताळणीच्या आकड्याशी ताडून पाहावे. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाईलवर उजवी टिचकी मारून तो आकडा काढता येतो. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन रुफस किंवा एचरने त्यावर फाईल चढवावी. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. कॉम्प्युटर चालू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. एसरवर एफ १२ चा मेनू आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) चालू करावा लागतो, तिथेच अनेकजण थांबतात.

पेन ड्राइव्हवरून मिंट न बसवताच चालते. हा प्रयोग अर्धा तास तरी करावा. तो संथ असतो, वेगावरून मत बनवू नये. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड, झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का, आणि अर्थात प्रिंटर, सगळे पाहून घ्यावे. काही स्वस्त लॅपटॉपमधली ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप लगेच चालत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ तिचा ड्रायव्हर आणतो. सिक्युअर बूट चालू असेल तर या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी चालू करताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाबरून ‘कंटिन्यू’ दाबले की ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही. याच वेळी ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम उघडून हार्ड डिस्कचा ‘स्मार्ट’ म्हणजे प्रकृतीचा अहवालही पाहावा. खराब सेक्टर वाढलेले असतील तर आधी डिस्क बदला.

मग बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे आठवतात. ब्राउझरमधले पासवर्ड आणि सी ड्राइव्हवर भलतीकडे ठेवलेले फोल्डर विसरतात. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा, त्याच डिस्कच्या डी पार्टिशनवर नव्हे. ‘डिस्क पुसून बसवा’ म्हटले की सी आणि डी दोन्ही जातात. विंडोजही ठेवायची असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की लिहून घ्यावी, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे (नाहीतर विंडोजची पार्टिशने लिनक्समध्ये फक्त वाचता येतात), आणि विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असते, ती एएचसीआयवर न्यावी लागते, पण विंडोज ठेवणार असाल तर आधी ती सेफ मोडमध्ये सुरू करायची तयारी करूनच, नाहीतर विंडोज उघडत नाही. दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढेच त्यामागचे कारण. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येते.

इन्स्टॉलरमध्ये भाषा मराठी निवडली तरी कीबोर्ड ‘इंग्रजी, यूएस’च ठेवावा. मराठी ठेवला तर पासवर्ड देवनागरीत टाईप होतो आणि पुढे लॉगिन करताना गोंधळ होतो. ‘मल्टिमीडिया कोडेक’च्या चौकटीत खूण करावी, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. एसएसडीवर सगळे वीसेक मिनिटांत आटोपते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तेवढा वेळ यूपीएसवर जोडावा. हेस्कॉमची वीज नेमकी पार्टिशन लिहिताना गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

बसवल्यावर ‘टाइमशिफ्ट’ चालू करावे. अपडेटने काही बिघडले तर कालच्या स्थितीवर परत येता येते. पण ते सिस्टीम जपते, तुमचे फोटो नव्हे, आणि रोजच्या प्रती ठेवायला सांगितल्या तर छोटी एसएसडी भरून टाकते. आठवड्याच्या दोन प्रती पुरेत. आपोआप लॉगिन ठेवले की क्रोम उघडताना ‘कीरिंग’चा पासवर्ड मागणारी खिडकी येते. तो व्हायरस नव्हे, तिथे खात्याचाच पासवर्ड लागतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, तेही बरोबरच आहे. आणि परत फिरावेसे वाटले तर विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने तीच आवृत्ती पुन्हा घातल्यावर बहुतेक वेळा की मागत नाही.

शाळा आणि वाचनालयांसाठी मिंटच्या सुरुवातीच्या मेनूत ‘ओईएम इन्स्टॉल’ हा पर्याय आहे. बसवणारा सगळी तयारी करून देतो. नाव, भाषा आणि पासवर्ड पहिल्यांदा वापरणारा ठरवतो. दान आलेले पाच-दहा कॉम्प्युटर तयार करायला हाच मार्ग सोयीचा. केरळच्या सरकारी शाळांत तिथल्या काइट या संस्थेने तयार केलेली लिनक्सची आवृत्ती वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे मुलांना जमेल का हा प्रश्न उरलेला नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या आपल्या शहरात लिनक्स येणारी मुलेही शोधावी लागणार नाहीत. शाळांनी मात्र बसवून देणाऱ्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रशासकाचा पासवर्ड, आणि प्रिंटर बंद पडला तर कोणाला बोलवायचे.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणी. मंडळांच्या, शाळांच्या कार्यक्रमांच्या बातम्या सीमाभागातल्या वृत्तपत्रांकडे अजून जुन्या फाँटमधल्या फाईलींतून येतात, कारण ‘पेपरवाल्यांना तसेच लागते’ अशी समजूत आहे. बातमी पाठवण्याच्या सूचनेत ‘मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा’ एवढी एक ओळ आपण छापलीत, आणि आपल्या पान लावणाऱ्या विभागाला तो चालत असेल, तर लिनक्सकडे वळू पाहणाऱ्या कितीतरी सचिवांचे अडलेले काम सुटेल.

आपले,
संगणक दुरुस्ती व प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक,
बेळगाव व खानापूर